कमिट मोजून गुण देण्याबद्दल

इंजिनिअरिंगच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाचे कमिट (कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी) मोजून त्याप्रमाणे गुण द्यावेत, ही सूचना ऐकायला बरी वाटते, पण ती टिकत नाही. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिटवर दिसणारं नाव ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरच्या सेटिंगमधून येतं. ते खरं की खोटं हे गिट तपासत नाही. चौघं एकाच लॅपटॉपवर बसून काम करतात तेव्हा सगळं श्रेय लॅपटॉपवाल्याला. कमिटऐवजी कोडच्या ओळी मोजाल तर आणखी मजा. एनपीएमने (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस बसवणारं साधन) आपोआप बनवलेली पॅकेज-लॉकची फाइल पुश केली, म्हणजे सगळ्यांच्या कोडमध्ये चढवली, की हजारो ओळी खात्यावर जमा! (कमिट मेसेजच्या शेवटी सहकाऱ्याचं नाव लिहायची सोय आहे, गिटहब (गिटचा कोड ठेवायची साइट) ते दाखवतंही. पण सबमिशनच्या आदल्या रात्री ते कोण लिहितंय?)

बीईच्या शेवटच्या सेमिस्टरच्या रिव्ह्यूला मी वेगळंच करतो. ज्याने लॉगिन लिहिलंय त्याला रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये किरकोळ बदल सांगायचा, उदाहरणार्थ यादी तारखेच्या उतरत्या क्रमाने लाव. तोही स्वतःच्या लॅपटॉपवर रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड) नव्याने क्लोन करून, म्हणजे उतरवून घेऊन. बरेच ग्रुप बदलापर्यंत पोचतच नाहीत. डेटाबेसचा पासवर्ड एकाच्याच एन्व्ह फाइलमध्ये (गुप्त सेटिंगची फाइल, ती सहसा रेपोत नसते), टेबलं कुठल्या स्क्रिप्टने बनवली तेही त्यालाच ठाऊक. विकतचं प्रोजेक्ट आणलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं, पीपीटीत ते बाहेरच्या परीक्षकाला दिसायचं नाही. वेळ मात्र खातं, एका ग्रुपमागे अर्धा तास धरून चला.