बाबांच्या जुन्या निकॉन लेन्स कॅननच्या बॉडीवर चालतील का?

अबोली_माशेल
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा ईओएस आर१० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-४५ लेन्स. दिवसा तिची काही तक्रार नाही. पण आमच्याकडे देवळासमोर उत्सवी नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तिथे ४५ वर गेलं की एफ/६.३ च्या खाली येता येत नाही (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). दिवजांच्या रात्री, बायका पेटते दिवे घेऊन देवळात येतात तेव्हा, तर फक्त ज्योती दिसतात, बायकांचे चेहरे काळोखातच राहतात. फ्लॅश मारायचा नाही, हे माझं पक्कं आहे.

बाबांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटात तीन लेन्स आहेत: निक्कोर ५० मिमी एफ/१.८, निक्कोर १०५ मिमी एफ/२.५ (दोन्हींवर अ‍ॅपर्चरची रिंग आहे) आणि एक रशियन हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, आट्यांची. बाबा म्हणतात, निकॉनची लेन्स निकॉनलाच लागते. एका दुकानदाराने मला एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीला जोडणारा, आत काच असलेला अ‍ॅडॉप्टर दाखवला आणि काचेशिवाय फोकस होणारच नाही असं सांगितलं. खरं काय? आणि ऑटोफोकस गेला तर नाटकात फोकस जमतो का? नव्या लेन्सचे पैसे सध्या नाहीत. शिवाय बाबांनी ज्या लेन्सने अख्ख्या गावाचे फोटो काढले, त्याच लेन्सने मला काढायचे आहेत.

वास्को_फ्रेम
लग्नाची कामं करतो, म्हणून अनुभवावरून सांगतो. हौसेला ठीक, भरवशाच्या कामाला नको. मंगळसूत्र घालतानाचा क्षण हाताने फोकस करताना गेला तर पुन्हा येत नाही. पैसे साठवून कॅननचीच आरएफ ५० मिमी एफ/१.८ घ्या. नाहीतर कॅननचा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर आणि सेकंडहँड ईएफ ८५ मिमी एफ/१.८ घ्या (ईएफ म्हणजे कॅननच्या आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स, आरएफ म्हणजे तुमच्या आर१० सारख्या बिनआरशाच्या नव्यांच्या). त्यात ऑटोफोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही बॉडीवरून चालतात.

मांडवातला (म्हार्दोळ)
अबोली, तिन्ही लेन्स चालतील. आणि काचेचा अ‍ॅडॉप्टर मुळीच घेऊ नकोस.

सगळा हिशेब एका अंतराचा आहे. लेन्स जिथे बसते त्या धातूच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा, त्याचं अंतर ४६.५ मिमी. तुझ्या आरएफ माउंटचं २० मिमी, कारण आत आरसाच नाही. निकॉनची लेन्स सेन्सरपासून ४६.५ वर उभी राहिली पाहिजे, म्हणून मधे २६.५ मिमी जाडीची पोकळ कडी लागते. अ‍ॅडॉप्टर म्हणजे एवढंच. हेलिओसच्या एम४२ आट्यांचं अंतर ४५.४६, म्हणजे तिची कडी २५.४६ मिमीची. दोन्हीकडे जागा भरपूर उरते, काचेचं तिथे कामच नाही.

काच लागते ती जागा कमी पडली तर. आरशाच्या काळात कॅननच्या ईएफ बॉडीचं अंतर ४४ मिमी होतं, त्यामुळे त्यावर निकॉनची लेन्स अडीच मिमीच्या कडीने बसायची. उलट, म्हणजे निकॉनच्या बॉडीवर कॅननची लेन्स, काचेशिवाय दूरचा फोकस देत नाही. तुझ्या बाबांचं म्हणणं त्या काळाला धरून आहे. दुकानदारही बहुधा तेच मनात धरून बोलला. मधे घातलेली ती स्वस्त काच चांगल्या लेन्सचा कडकपणा घालवते, आणि रंगमंचावरचा दिवा समोर आला की चित्रावर धुकट पडदा येतो.

आता नाटकाचं. मी कितीतरी वर्षं मांडवात खाली बसून हेच करत आलो आहे, आणि वास्कोच्या मित्राशी इथे माझं जमत नाही. लग्न आणि नाटक वेगळं. नाटकातला माणूस ठरलेल्या जागी येऊन उभा राहतो. आपल्या गावचा नट तर तालमीत बांधलेली जागा सोडतच नाही. संध्याकाळी तालीम असेल तर जाऊन बस. पदाला नट कुठे थांबतो, प्रवेशाला कुठल्या विंगेतून येतो ते बघून ठेव. मग फोकस आधीच त्या जागेवर लावून ठेवता येतो.

कॅमेऱ्यात पहिलं काम: कस्टम फंक्शनच्या मेनूत लेन्स नसतानाही शटर चालू द्यायची सोय आहे, ती सुरू कर. नाहीतर बटण दाबूनही काहीच होणार नाही. अ‍ॅपर्चरच्या जागी ००  दिसेल, घाबरू नकोस, बॉडीला लेन्स ओळखता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने लावायचं. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आणि मॅन्युअल दोन्ही चालतात. नाटकाला मी मॅन्युअलच सांगेन, कारण मागचा काळा पडदा कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि चेहरा पांढरा पडतो. फोकससाठी पीकिंग, म्हणजे फोकसमध्ये आलेल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लाव, पण त्यावर विसंबू नकोस. मोठ्या अ‍ॅपर्चरला ते कपाळ, मुकुट, खांदा सगळंच रंगवतं. दहापट मोठं करून डोळा बघायचा, मग परत मागे येऊन क्लिक. एक लक्षात ठेव, निकॉनची फोकसची रिंग कॅननच्या उलट दिशेला फिरते. हाताला वळण पडेपर्यंत घरातल्या माणसांवर सराव कर.

आर१० चा सेन्सर लहान, १.६ पटीचा. म्हणजे ५० ची चौकट ८० सारखी आणि १०५ ची १६८ सारखी दिसेल. चौथ्या-पाचव्या रांगेतून एकट्या नटाचा चेहरा हवा तर १०५ ला तोड नाही. पण सहा मीटरवर एफ/२.५ ला नेमकं दिसतं ते पुढेमागे मिळून जेमतेम एक फूट. ५० मिमी चार मीटरवर एफ/२ ला साधारण दीड फूट देते, म्हणून दोन पात्रं शेजारी असली की ५० घे. या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवायची सोय नाही, आणि या लेन्समध्येही नाही. १०५ ला शटर १/२०० च्या खाली आणू नकोस. आयएसओ (सेन्सर प्रकाश किती वाढवून घेतो तो आकडा) ३२०० किंवा ६४०० जाऊ दे. थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

आणखी एक. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावशील, तर हल्लीच्या एलईडी दिव्यांत चित्रावर आडवे पट्टे येतील. मेकॅनिकल शटर ठेव आणि टाळ्यांत किंवा संवादिनीच्या सुरावर क्लिक कर.

डिचोलीचा_निकॉनवाला
काका, मधेच विचारतो. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० आहे. हेलिओस त्यावर लागेल का? इथे सगळे तिच्या मागच्या गोल फिरणाऱ्या धूसरपणाचं कौतुक करतात.

मांडवातला (म्हार्दोळ)
लागेल, पण दूरचं नेमकं येणार नाही. तुझ्या बॉडीला ४६.५ हवं, हेलिओसला ४५.४६. लेन्स मिलिमीटरभर पुढे राहते, तेवढ्यानेच अनंताचा फोकस जातो. जवळची फुलं, जवळचा चेहरा, एवढं जमेल. शिवाय डी५६०० मध्ये अशा लेन्सला मीटरही चालत नाही, सगळं अंदाजाने करावं लागेल. तो फिरणारा धूसरपणा लेन्सच्या कडेकडच्या भागात येतो. लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात, त्यामुळे फोटोत पाहिलास तेवढा तुला दिसणार नाही. तुझ्या बॉडीसाठी निकॉनच्याच जुन्या लेन्स बघ.

अबोली, अ‍ॅडॉप्टर मागवायच्या आधी एक काम कर. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मागून टॉर्च धर आणि पुढून तिरकं बघ. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या लेन्सला खरा धोका बुरशीचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात का ते सांग. आणि लेन्स चामड्याच्या पेटीत असतील तर आजच बाहेर काढ, चामडं ओल धरून ठेवतं.

अबोली_माशेल
काका, खूप खूप आभार. बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ४६.५ चा आकडा ऐकल्यावर त्यांनीच टॉर्च आणली. १०५ स्वच्छ आहे. ५० मध्ये कडेला धागे आहेत, मधे नाहीत. हेलिओसच्या पात्यांवर तेल दिसतंय. तिन्ही चामड्याच्या पेट्यांतच होत्या.

मांडवातला (म्हार्दोळ)
१०५ स्वच्छ आहे हे वाचून फार बरं वाटलं. तीच तुझ्या कामाची मुख्य लेन्स.

५० चं कडेला आहे तोवर फोटोवर फारसा फरक पडणार नाही, पण वाढू देऊ नकोस. बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि तो गेला की परत येत नाही. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून उघडून पुसून घे, घरी उघडायचा प्रयत्न नको. तोपर्यंत १०५ पासून वेगळी ठेव. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून सुकवायचं. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नकोस, त्याची पूड फटीत जाते.

हेलिओसचं तेल चालेल. एरवी तेलाने पाती चिकटतात आणि क्लिकच्या वेळी मिटायला उशीर होतो. पण ४४-२ ची पाती हाताच्या रिंगनेच उघडतात, मिटतात. एका रिंगवर आकडा लावायचा, दुसरीने उघडझाप. दिवजांच्या रात्री हीच घेऊन जा. मागच्या ज्योतींचे गोल फार सुंदर येतात.

वास्को_फ्रेम
काकांचं नाटकाबद्दलचं पटलं. आता अ‍ॅडॉप्टरबद्दल एक सुचवतो. दोन वेगळे लांब अ‍ॅडॉप्टर घेण्याऐवजी कॅननचा ईएफ-ईओएस आर एकदाच घ्या, तो २४ मिमीचा. त्यावर निकॉन ते ईएफ ची अडीच मिमीची कडी लावली की २६.५, आणि एम४२ ते ईएफ ची १.४६ ची लावली की २५.४६. पातळ कड्या स्वस्त मिळतात. पुढे कधी ईएफ लेन्स घेतली तर तोच अ‍ॅडॉप्टर ऑटोफोकससह चालेल. मात्र मागवताना नीट वाचा. नुसतं ‘ईओएस’ लिहिलेली कडी बहुतेक वेळा ईएफ ची असते, थेट आर१० वर ती बसणार नाही.

मांडवातला (म्हार्दोळ)
उत्तम सुचवलंत, हेच कर अबोली. कड्या आल्या की आधी लेन्स लावून हलकेच हलवून बघ, खडखडत असेल तर परत कर. मग रात्री चंद्रावर फोकस लावून बघ. पुष्कळ कड्या मुद्दाम केसभर पातळ करतात, त्यामुळे लेन्सवरची अनंताची खूण थोडी ओलांडली जाते. म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवून सोडू नकोस, डोळ्याने बघूनच थांब.

आणि आषाढात तुमच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलकाल्याला, त्या चिखलातल्या खेळाला, यातली एकही लेन्स नेऊ नकोस. या लेन्सना आणि कड्यांना पाण्यापासून कसलंच संरक्षण नाही. त्या दिवशी तुझी १८-४५ च बरी, आणि तीही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.