मायक्रोपार्टिकलवर लिगँड: कामाचा की सिनॉप्सिसपुरता?

लातूर_फॉर्म्युलेशन: एम.फार्म.च्या सिनॉप्सिसमध्ये पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे औषध भरलेले कण आणि वर फोलेटचा लिगँड (ठरावीक पेशी ओळखून तिला चिकटणारा रेणू), हे आता ठरलेलंच. पण पाच-सहा मायक्रॉनच्या वरचा कण शिरेत सोडला की फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतच अडकतो. मग लिगँड कुणाला शोधणार? ल्युप्रॉन डेपो हे प्रोस्टेट कॅन्सरचं इंजेक्शन 1989 पासून आहे. पॉलिमरचेच कण, लिगँड एकही नाही. स्नायूत टोचलं की औषध महिनाभर झिरपतं.

नांदेडकर: सर, स्नायूतलं इंजेक्शन अन् शिरेतला कण एकाच तागडीत कामून तोलता? 2-3 मायक्रॉनचा कण केशवाहिनीतून निघतो. मोठ्या नसेत तांबड्या पेशी मधून वाहतात आणि असे कण कडेला ढकलले जातात; नॅनोकण त्यांच्यातच मिसळून जातात. सुजलेल्या नसेच्या अस्तरावर आयसीएएम-1 हे प्रथिन वाढलेलं असतं. कणावर त्याची अँटिबॉडी असेल तर तिथं पकड बसते. फोलेटच्या फॅशनबद्दल मात्र सहमत.

परभणी_लॅब: साइजवर भांडताय, पण निम्म्या वेळा लिगँड लागलेलाच नसतो बगा. पॉलिमर ॲसिड-टर्मिनेटेड, म्हणजे टोकाला मोकळं कार्बोक्सिल असलेला घ्या (आरजी 503 एच या पीएलजीए ग्रेडमधला 'एच' तोच). एस्टर-कॅप्डवर (टोक झाकलेल्यावर) ईडीसीला, म्हणजे कार्बोक्सिल आणि अमीन जोडणाऱ्या रसायनाला, धरायला कार्बोक्सिल जवळपास नसतंच. 10 मिग्रॅ कण 1 मिली एमईएस बफरमध्ये, पीएच 5.5 ते 6, ईडीसी आणि त्याचा जोडीदार सल्फो-एनएचएस ताजे विरघळवून 15 मिनिटं. लगेच सेंट्रिफ्यूज, मग पीएच 7.4 च्या पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये अँटिबॉडीसोबत 2 तास. रेंगाळलात तर एनएचएस एस्टर (कार्बोक्सिलचं अँटिबॉडीला धरणारं रूप) पाण्यानेच तुटतो. ट्रिस बफर चुकूनही नको, त्याचा अमीनच जागा अडवतो. पीव्हीए (कण बनवताना वापरलेला स्टॅबिलायझर) नीट धुतलं नाही तर कार्बोक्सिल त्याखाली झाकलेलं राहतं. ईडीसीची थंड बाटली लगेच उघडू नका, दमट होते. अन् मे महिन्यात एसी बंद असेल तर कपलिंग (ही जोडणी) करूच नका: ओल्या पीएलजीएचा टीजी (मऊ पडायचं तापमान) कोरड्यापेक्षा 10-15 अंशांनी उतरतो, गुळाच्या ढेपेसारखे गोळे होतात.

लातूर_फॉर्म्युलेशन: लागला असं धरू. नुसता चिकटून बसलेला नाही कशावरून?

परभणी_लॅब: ईडीसी न घातलेली बॅच सोबत चालवा, दोन्ही 0.1 टक्के ट्वीन 20 या डिटर्जंटने धुवा. दोन्हींवरच्या अँटिबॉडीचा आकडा सारखाच आला तर तुमचं कपलिंग झालेलंच नाही.

लातूर_फॉर्म्युलेशन: आणि रक्तातल्या प्रथिनांचा थर? तो लिगँड झाकून टाकतो.

नांदेडकर: झाकतो, नाही म्हणत नाही. लायसीन या अमिनो आम्लावरून जोडलेली अँटिबॉडी तर कशीही, अगदी उलटीसुद्धा बसते. पेग या पॉलिमर साखळीचा स्पेसर आणि थायॉल-मॅलेइमाइड जोडणीने दिशा थोडी सुधारते, पीएच 7.5 च्या वर जाऊ नये. पण फैसला 50 टक्के सीरममध्येच (रक्तद्रवात) करा. पीबीएसमधला बाइंडिंगचा आकडा मीही धरत नाही.