केपटाऊनचं उदाहरण बघा

वरती एकाने म्हटलंय की डॉक्टरांच्या इंटरनॅशनल काँग्रेस (मोठ्या परिषदा) म्हणजे कंपन्यांच्या पैशावर पिकनिक. थोडंफार खरंय, औषध कंपन्यांच्या स्टॉलशिवाय एवढा खर्च निघतच नाही. पण यजमानाच्या बाजूनेही बघा की जरा. एंडोक्रायनॉलॉजीची, म्हणजे हार्मोन्स आणि मेटाबॉलिझमच्या शास्त्राची, जागतिक काँग्रेस डिसेंबर २०१८ मध्ये केपटाऊनला झाली. असली यजमानपदं काही वर्षं आधीच ठरतात, आणि नेमकं त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे माणशी दिवसाला ५० लिटर पाणी अशी मर्यादा होती, ‘डे झीरो’ म्हणजे नळ बंद करायचा दिवस कधी येतो याचीच चर्चा. आता त्या शहरात जगभरच्या डॉक्टरांना बोलवायचं म्हणजे आयोजकांची झोप उडाली असणार! नशीब की मधे पाऊस झाला आणि डिसेंबरपर्यंत निर्बंध बरेच सैल झाले.

दुसरं म्हणजे विषय. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचे पेशंट जगात सगळ्यात जास्त, आणि स्टॅव्हुडीनसारख्या त्यावरच्या जुन्या गोळ्यांनी गाल बसायचे, हातपाय काडीसारखे व्हायचे आणि चरबी पोटावर नाहीतर मानेमागे साठायची, म्हणजे हा सरळ मेटाबॉलिझमचाच, शरीर चरबी कशी साठवतं-वापरतं याचाच प्रश्न. असे पेशंट रोज बघणारे डॉक्टर तिथेच आहेत, मग त्यांनीच दरवेळी व्हिसाच्या रांगेत उभं राहून युरोप-अमेरिकेला का जायचं? एकदा बाकीच्यांनी यावं की तिकडे. आणि आलेत तर केपटाऊनच्या टेबल माउंटनवर फिरायला जाणारच ना, त्यात एवढं काय.