बोलणं अडखळलं, पंधरा मिनिटांत ठीक झालं. आजच दाखवायला हवं का?

पाऊलवाट:
बाबा ६४ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही. आज सकाळी चहा पिताना उजव्या हातातून कप निसटला, जीभ जड झाली. पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. आत्ता बीपी १६८/९४. मधे बीपी नॉर्मल आलं म्हणून त्यांनी गोळी बंद केली होती. सोमवारी दाखवू म्हणतात. घरात ॲस्पिरिन आहे, देऊ का?

नाडी:
सोमवार नाही, आत्ता निघा. हा टीआयए असू शकतो: मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने थोडा वेळ अडते आणि मोकळी होते. पुढे पक्षाघाताचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो.

ॲस्पिरिन घरी देऊ नका. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. बीपी उतरवायला जादा गोळीही नको. ते एकदम पडलं तर मेंदूला रक्त आणखी कमी पोचतं. ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा, ती फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात.

सीटी चोवीस तास चालू असलेलंच रुग्णालय गाठा. वाटेत तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं पुन्हा अडखळलं तर वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. गाडीची सोय नसेल तर १०८.

गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या. ईसीजी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचा का, हे आवर्जून विचारा. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी तिथूनही येते, आणि मग औषध वेगळं असतं.

ओसरी:
नाडी यांच्याशी सहमत. घरी आल्यावरचं सांगते. बीपी नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच. ती मनाने सोडायची नाही. मोजताना आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी सगळं आलं. मिश्री लावत असतील तर तीही बंद, तो तंबाखूच आहे.

उंबरठा:
खर्चाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) भरती होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. घरच्यांना ताण असह्य झाला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

पाऊलवाट:
निघालो. शुगर १३२. ॲस्पिरिन दिलेली नाही.

नाडी:
छान. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "आज सकाळी पंधरा मिनिटं उजवा हात आणि बोलणं गेलं होतं." नुसती चक्कर आली म्हणू नका, रांगेत बसवतील.