सल्ला हवा: गॅस पिस्टन रायफलचं कटअवे अॅनिमेशन करायचंय, कुठली घेऊ?

चक्रीभुंगा:
मंडळी, थ्रीडी अॅनिमेशन शिकतोय. सरावाला एक कटअवे करायचंय, म्हणजे रायफल उभी चिरलीये आणि आतलं सगळं हलताना दिसतंय असं. एके-47 चं सेमी ऑटो (दर दाबाला एकच गोळी) मॉडेल घेऊन पहिला ड्राफ्ट केला, गोळी सुटली की पिस्टन, कॅरिअर (बोल्टला मागेपुढे नेणारा ठोकळा), बोल्ट (काडतुसाच्या मागून नळी बंद करून लॉक होणारा भाग) सगळी वरात एकदम मागे जाते आणि परत पुढे येते, पण बघताना काहीतरी खोटं वाटतं आणि काय चुकलंय तेच कळेना. एकेच ठेवू की दुसरी घेऊ?

तेलकटबोट:
खोटं वाटणारच रे, सगळं एकदम मागे जातच नाही. 7.62×39 च्या काडतुसाला कमाल दाब 3550 बार धरलाय, त्या वेळी पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला घट्ट बसलेली असते, तेव्हा बोल्ट उघडला तर पुंगळी फाटेल आणि गॅस मागे तोंडावर येईल. म्हणून आधी गोळी नळीच्या वरच्या बारीक भोकाच्या पुढे जाते, थोडा गॅस तिथून वर शिरून पिस्टनला ढकलतो, कॅरिअर मागे सरकायला लागतो, पण बोल्ट जागचा हलत नाही! कॅरिअरमधली खाच सुरुवातीला सरळ आहे. तेवढ्यात गोळी बाहेर, दाब उतरला, आणि मग खाचेचा तिरका भाग येऊन बोल्टला फिरवून लॉकमधून सोडवतो. तो मधला मोकळा प्रवास तुझ्या ड्राफ्टमध्ये नसणार, पैज लावतो.

पाना_10:
+1. माझं मत एम1 गॅरँड घे. 1936 ची आहे, जुनी वाटेल, पण तिचा ऑपरेटिंग रॉड उजव्या बाजूने बाहेरच दिसतो आणि बोल्टचा कान त्याच्या खाचेत कसा फिरतो ते वरून डोळ्यांनी बघता येतं. पहिले साधारण 8 मिलिमीटर रॉड एकटाच जातो. एआर-15 च्या वाटेला सध्या जाऊ नकोस, तिच्यात वेगळा पिस्टन रॉड नाही, गॅस बारीक नळीतून थेट कॅरिअरमध्ये येतो.

उगाचच:
गॅरँड वरून छान दिसते हो, पण हा बाजूने चिरतोय! फिरणारा बोल्ट बाजूने बघितला तर नुसता गोल दांडा दिसतो, कळणार काय? एसकेएस घे. तिचा बोल्ट फिरत नाही, त्याचं मागचं टोक खाली खचून रिसीव्हरच्या (रायफलच्या मधल्या सांगाड्याच्या) खांद्याला टेकलेलं असतं आणि कॅरिअर मागे येताना ते उचलतो. साईड कटमध्ये याहून स्वच्छ काही नाही. शिवाय ती शॉर्ट स्ट्रोक आहे, पिस्टन एक धक्का देऊन थांबतो आणि कॅरिअर पुढचा प्रवास त्या जोरावर करतो. एकेत पिस्टन कॅरिअरलाच जोडलेला, तो शेवटपर्यंत बरोबर जातो.

चक्रीभुंगा:
पैज जिंकलात तेलकटबोट 😅 एसकेएस फायनल. स्पीड किती ठेवू पण?

तेलकटबोट:
हिशोब एकेवरून कर. फुल ऑटो मिनिटाला 600 म्हणजे एक फेरी सेकंदाच्या दहाव्या भागात, सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर जेमतेम अडीच फ्रेम, काय दिसणार कपाळ. शंभर पट स्लो कर. गोळी नळीत साधारण एक मिलीसेकंद असते, म्हणजे तेव्हाही ती अडीच फ्रेममध्येच बाहेर आणि नंतरचं मागे जाणं, पुंगळी ओढून बाहेर फेकणं, घोडा (काडतूस उडवायला आपटणारा हातोडा, चाप नव्हे) मागे दाबणं, स्प्रिंगने परत येताना मॅगझिनमधून नवं काडतूस पुढे ढकलणं, लॉक होणं, हे सगळं आरामात. येतानाचा वेग जाण्यापेक्षा कमी ठेव, तिथे फक्त स्प्रिंगचा जोर असतो.

चक्रीभुंगा:
मोकळ्या प्रवासाला सात-आठ फ्रेम दिल्या, एकदम जिवंत झालं! एकच अडलं, बोट अजून चापावरच आहे आणि बोल्ट पुढे आला, मग घोडा लगेच परत का पडत नाही?

पाना_10:
डिसकनेक्टर, म्हणजे चाप आणि घोड्याचा संबंध तोडणारा भाग. मागे दाबलेला घोडा अडवलेलाच राहतो, चाप सुटला की तो परत चापाच्या ताब्यात येतो, म्हणून दर गोळीला नवा दाब लागतो. तेव्हा शेवटी बोट सैल होतानाचा शॉट घाल, तो सगळे विसरतात.