पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना : खान्देशातले अनुभव

दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, अपॉइंटमेंट तर घेतली, आता काय करू?" कधी चोपड्याहून, कधी साक्रीहून, एकदा तर थेट मोलगीहून. विचारणारे आपल्यासारखेच ट्रान्स. ट्रान्झिशन, म्हणजे मनातल्या लिंगाप्रमाणे शरीर आणि राहणी बदलत नेणं, ते काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, सगळे व्हिडिओ पाहून झालेले असतात. अडतं भलतीकडेच. आधी कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सोबत कुणाला न्यायचं, अंगावर काय घालायचं, बाहेरच्या बाकावर मामाच्या ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं. मुंबई-पुण्याच्या लोकांचं लिहिलेलं वाचून हे सुटत नाही. आपल्याकडे एसटीचा कंडक्टरसुद्धा वडिलांचं नाव घेऊन "कुठे निघालास?" विचारतो.

म्हणून हा धागा. जाऊन आलेल्यांनी लिहा. पथ्यं दोनच : डॉक्टरांचं, दवाखान्याचं नाव नको, अनुभव चांगला असो की वाईट. आणि औषधाचा डोस लिहायचा नाही, एकाचा डोस दुसऱ्याला चालत नाही.

सुरुवात माझ्यापासून (जळगाव)

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला. साधारण दोन दारं असतात : मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. बरेच एंडो आधी, हार्मोन सुरू करायला हरकत नाही असं मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मागतात. तेव्हा फोन करतानाच विचारून घ्या, पत्र लागतं का, आणि मुळात डॉक्टर ट्रान्स पेशंट बघतात का. फोनवर हे विचारताना जीभ जड होते, पण दीडशे किलोमीटर जाऊन "आम्ही हे करत नाही" ऐकण्यापेक्षा परवडलं.

बाकाची भीती मात्र सोडा. हार्मोनवाल्यांच्या पाटीवर मधुमेह आणि थायरॉईड मोठ्या अक्षरांत असतं. बाकावर सगळे शुगरवाले काका नि थायरॉईडवाल्या काकू. रिसेप्शनवरच्या मुलीने मला विचारलं, "शुगर का थायरॉईड?" मी म्हटलं, "हार्मोन." तिने लिहून घेतलं, विषय संपला.

खरी पंचाईत नाव पुकारण्याची. आधारवर जुनं नाव, आणि मी मिशीची लव राखून बसलेला. मी सांगून ठेवलं, फक्त आडनाव पुकारा. मग "पाटील" म्हटल्यावर अर्धा बाक उठून उभा राहिला. शेवटी आडनाव आणि गाव असं ठरलं. जळगाव जिल्ह्यातल्या पाटील-चौधरी मंडळींनी हे आधीच ठरवून घ्यावं.

भुसावळची

वडील रेल्वेत, मी क्वार्टरमध्ये वाढलेली. माझी पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे. जायच्या आधी लोकांनी पढवून पाठवलं होतं : लहानपणी बाहुल्या खेळायचे, आईच्या साड्या नेसायचे, असंच सांग, नाहीतर पत्र मिळत नाही. मी जन्मात बाहुली खेळले नाही. मी क्रिकेट खेळायचे, बॉलिंग टाकायचे, आणि चांगली टाकायचे. तेच सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, बस.

त्यांना पाहिजे होतं ते वेगळंच : हे कधीपासून वाटतं, शरीरातलं नेमकं काय खटकतं, घरी कुणाला माहीत आहे, झोप-जेवण कसं, दारू-तंबाखू, जिवाचं बरंवाईट करायचा विचार कधी आला का. तो विचार येऊन गेला होता. सांगितलं तर पत्र नाकारतील म्हणून घसा कोरडा पडला, तरी सांगितलं. नाकारलं नाही. उलट पुढची तारीख लवकरची दिली आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. तिथे रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं.

मग विचारलं, औषधाने काय होईल असं वाटतं? मला वाटायचं आवाज बारीक होईल. त्या म्हणाल्या, इस्ट्रोजेनने (बायकांच्या हार्मोनने) फुटलेला आवाज परत फिरत नाही, त्याला सराव करावा लागतो. दाढी गोळीने जात नाही, लेझर लागतं. छाती भरते, आणि ती औषध बंद केलं तरी पूर्ण मागे जात नाही. मूल होण्याची क्षमता कायमची जाऊ शकते, म्हणून वीर्य गोठवून ठेवायचं का ते आधी ठरव. हा शेवटचा प्रश्न मला आधी कुणी विचारला असता तर घरी शांतपणे विचार केला असता. तुम्ही करून जा.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या : तुम्ही वेडे नाही हे सिद्ध करायला जात नाही आहात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलाय. आणि पत्र मिळालं की त्यावर आधारचं नाव आणि वापरायचं नाव दोन्ही आहेत ना ते तिथेच उभं राहून वाचा. मूळ प्रत कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

शिरपूरकडचा

माझा प्रश्न बाईंडरचा, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालतात त्या घट्ट बनियनचा होता. मे महिना, धुळ्याचं ऊन, त्यात एसटी. घट्ट बाईंडर घालून गेलो असतो तर दवाखान्यात पोचायच्या आधीच भोवळ आली असती. आतून सैल बनियन, वरून मोठा कॉटनचा शर्ट, असा गेलो. डॉक्टर ब्लड प्रेशर घेतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, तेव्हा काढ-घाल नको.

"शेवटची पाळी कधी आली?" हे विचारतातच. तोंडाने सांगायला मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी आधीच कागदावर लिहून नेलं होतं : पाळीच्या तारखा, चालू औषधं, जुने आजार, घरात कुणाला काय आहे ते. कागद पुढे सरकवला. सरांनी वाचला आणि फाईलला लावला. खालून तपासायचं म्हणाले तर "आज नको, गरज काय आहे ते आधी सांगा" असं म्हणता येतं. माझ्या वेळी गरज पडलीच नाही.

रक्ताच्या तपासण्या बऱ्याच असतात. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे पुरुषांच्या हार्मोनने, रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून आधीचा आकडा हवा), लिव्हर, चरबी, शुगर, हार्मोनची पातळी. काही उपाशीपोटी. आजीने डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा दिला होता. वासाने जीव कासावीस झाला, पण रक्त देईपर्यंत डबा उघडला नाही. नंतर लॅबच्या पायरीवरच बसून खाल्ला. निघताना आजी एवढंच म्हणाली होती, "डॉक्टरले समदं सांगी दे, काहीच दपाडू (लपवू) नको." तिला मी कशाला चाललो ते अर्धंच माहीत होतं.

आणखी एक, जे विचारायला लाजतात : टेस्टोस्टेरॉन म्हणजे संततिनियमन नाही. पाळी थांबली तरी दिवस जाऊ शकतात. ज्यांचा संबंध येतो त्यांनी हे सरळ विचारा.

धडगावची

आमच्याकडे सगळे सुरतला जातात. नंदुरबारला गाडीत बसलं की सुरत, नाशिक-मुंबईपेक्षा ते सोपं. तिथल्या डॉक्टरांशी हिंदीत बोलले, अडलं नाही.

मला लिहायचंय ते सिकलसेलबद्दल. आमच्या पावरा-भिल्ल वस्त्यांत हा घरोघरी माहीत असलेला, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. शाळेत तपासणी झाली होती, कार्ड घरात ट्रंकेत पडलेलं. मी ते सोबत नेलं नव्हतं, कारण हार्मोनशी त्याचा काय संबंध असं वाटलेलं. डॉक्टरांनी गाव विचारलं, लगेच सिकलसेल विचारलं. म्हणाले, इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो, सिकलसेलमध्ये तो धोका आधीच जास्त असतो, म्हणून हे कळल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेलची रक्ततपासणी) करून आणायला सांगितलं. मी वाहक निघाले, एएस. पूर्ण आजार असलेल्यांचं, म्हणजे एसएसचं, प्रकरण वेगळं आणि जास्त जपून करायचं असतं. माझ्याबाबत डॉक्टर म्हणाले, गोळीपेक्षा त्वचेतून जाणारं जेल बरं, त्यात गुठळीचा धोका कमी.

सातपुड्यातल्या बहिणींनो, २०२३ पासून सरकारची सिकलसेलची मोहीम चालू आहे, आरोग्य केंद्रात तपासणी होते. तिथे कशासाठी हवी ते सांगायचीसुद्धा गरज नाही. कार्ड घेऊन जा.

(मधेच मी) धडगावच्या ताईंनी जे लिहिलं ते मला कुठल्याच शहरी माहितीपत्रकात दिसलं नव्हतं. बाकी वाचायला वेळ नसेल तर नंदुरबारवाल्यांनी एवढं तरी वाचा.

गुरूंच्या घरातली, जळगाव

मी तृतीयपंथीयांच्या घराण्यात, गुरूंकडे राहते. आमच्यात मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्या आणून खायची जुनीच रीत. सगळ्या खातात, मीही खात होते. डॉक्टरकडे जाताना मोठ्या म्हणाल्या, गोळ्यांचं बोलू नको, ओरडतील. मी रिकाम्या पाकिटांची पिशवीच टेबलावर ठेवली. ते ओरडले नाहीत. एकेक पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि सांगितलं, यातलं इस्ट्रोजेन वेगळ्या जातीचं, गुठळीला जास्त वाईट, त्यात बिडी-सिगारेट असेल तर आणखी. पाय सुजतो का, एका पोटरीत दुखतं का, दम लागतो का, हे विचारलं. नुसतं "कसल्या तरी गोळ्या घेत होते" म्हणाले असते तर त्यांना काय कळणार होतं? निर्वाण (लिंग-अंडकोष काढणं) झालेल्यांनी तेही सांगावं. अंडकोष काढलेले असतील तर टेस्टोस्टेरॉन दाबायचं औषध बहुधा लागतच नाही, हिशोब बदलतो.

एचआयव्हीची तपासणी सांगितली तर अपमान समजू नका, ती सरकारी केंद्रात फुकट होते आणि निकाल गुप्त राहतो.

बाकी लोक बघतात त्याचं काय, बघू देत. भादली बुद्रुकला आपल्यातल्याच अंजली पाटील जानेवारी २०२१ मध्ये महिला म्हणून ग्रामपंचायतीला निवडून आल्या, त्यासाठी औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेल्या. आपल्यातल्याच शमिभा पाटील यांची उमेदवारी २०२४ ला रावेरमधून विधानसभेसाठी जाहीर झाली. त्या एवढ्या लोकांसमोर उभ्या राहतात, आपल्याला एका डॉक्टरसमोर बसायचंय.

एक आई, अमळनेर

मी आई म्हणून लिहिते, चालेल ना? माझं लेकरू एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरकडे गेलं, मी सोबत होते. बाहेर बसून राहिले. आधी डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेतलं, मला राग आला. नंतर कळलं, मुलं आईसमोर अर्धं बोलतात. मग मला बोलावलं.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. औषध किती वर्षं घ्यायचं? मधेच बंद केलं तर काय? कुठलं मागे फिरतं, कुठलं नाही? हाडांना काही होतं का? किती दिवसांनी परत तपासणी? महिन्याला खर्च किती? सगळ्याची नीट उत्तरं मिळाली. माझ्या भावाने विचारायला सांगितलेला प्रश्न, "लोकांना काय सांगायचं?", तोही मी विचारला. डॉक्टर म्हणाले, त्यावर माझ्याकडे गोळी नाही, काकू. मला तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

आईवडिलांनी सोबत जावं, पण डॉक्टरने लेकराला विचारलं की उत्तर लेकराला देऊ द्यावं. तोंडाला कुलूप घालणं फार अवघड.

चाळीसगाव

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. पहिले डॉक्टर म्हणाले, लग्न करून टाक, सगळं ठीक होईल, आणि "बदलायच्या" उपचाराच्या बैठका सुचवल्या. पैसे आधी भरायचे होते. मी उठून आलो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या कन्व्हर्जन थेरपीला डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. त्यांच्याशी वाद घालत बसलो नाही, फाईल मागून घेतली, दुसरीकडे गेलो. दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच वाक्यात विचारलं, तुला काय नावाने हाक मारू?

धुळे, कॉलेजची पोरं वाचत असतील त्यांच्यासाठी

मी ना धड मुलगा, ना मुलगी. हार्मोन हवेत की नको हेच ठरलं नव्हतं. नुसतं विचारायला गेलो, विचारून आलो. काहीही सुरू केलं नाही. तसंही जाता येतं.

पाचोरा

कागदांचं विचारत होते ना. मी २०२२ ला ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या पोर्टलवर अर्ज केला, तेव्हा स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर होत होता. प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. पण पहिल्या भेटीला ते कुणीही मागितलं नाही. आधार आणि जुने रिपोर्ट एवढ्यावर भागलं. प्रमाणपत्राची वाट बघत डॉक्टर लांबवू नका, दोन्ही कामं वेगवेगळी चालू द्या.

नवापूर

सगळं वाचलं. माझी तारीख सोमवारची आहे, नाशिकला. घरी "मित्राकडे चाललो" असं सांगितलंय. एकटाच आहे. कुणी बाहेर थांबायला येईल का?

(मी) सोमवारी मला नाशिकला जमेल, वेळ कळव. दवाखान्यात फोन करून आडनाव-गाव पुकारायची सूचनाही आधीच देऊन टाक. कागद भर : औषधं, आजार, घरातले आजार, आणि तुझे तीन प्रश्न, त्यात पुढे मूल हवं का हा प्रश्न असू दे. तू नंदुरबार जिल्ह्यातला, तेव्हा सिकलसेलचं कार्ड शोध. आणि उपाशीपोटी बोलावलं असेल तर वाटेत गाडी थांबली म्हणून वडापाव खाऊ नकोस, पाणी चालतं.