आंदोलन संपल्यावर घरी काय आले? (अनुभव धागा)

धागा सुरू करताना

गेल्या उन्हाळ्यात वडिलांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा धोतराच्या पानांखाली जाड पुठ्ठ्याची एक फाइल निघाली. वडील गावच्या सोसायटीचे सचिव होते आणि गावाने सरकारदरबारी दिलेल्या प्रत्येक निवेदनाची स्थळप्रत त्यांनी चाळीस वर्षे जपली होती. पाझर तलावाचे अर्धवट काम, गारपिटीचे अनुदान, ओढ्यावरचा पूल असे विषय आहेत आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा आवक शिक्का आहे. मी मोजली, ती एकसष्ट निवेदने भरली. त्यांना आलेली उत्तरे चार आहेत.

आपल्या मराठवाड्याला राज्यकर्त्यांसमोर उभे राहण्याचा अनुभव जुना आहे. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान 53' या हुकमामुळे सभा भरवायलाही आधी परवानगी लागे, आणि तरीही 1938 साली औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मुलांनी वंदे मातरम् म्हटले. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य आपले झाले, पण कार्यालयापुढे उन्हात उभे राहणे काही संपले नाही. म्हणून विनंती अशी आहे की पक्ष आणि नेते बाजूला ठेवून आपण किंवा घरचे लोक ज्या मोर्चाला, धरण्याला, रास्ता रोकोला गेले, तेथे सरकार कोणत्या रूपात समोर आले आणि परतताना घरी काय आले, एवढेच लिहावे.

निवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग

मी तीस वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलो, म्हणून तिकडचे लिहितो. निवेदन आले की आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, ते संबंधित संकलनाकडे (त्या विषयाच्या टेबलाकडे) जाते आणि तेथून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा घेऊन दुसऱ्या कार्यालयाकडे निघते. ते कार्यालय पंचायत समितीकडे अहवाल मागते आणि पंचायत समिती ग्रामसेवकाकडे. म्हणजे ज्या गावातून कागद निघाला त्याच गावात तो दोन महिन्यांनी पोहोचतो, आणि पुष्कळदा ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्याच्याकडूनच खुलासा मागवलेला असतो. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. कागद अडवला कोणीच नाही, पण निर्णयही कोणी घेतला नाही, अशी ती वाट आहे.

मोर्चाची वाट निराळी असते. मोर्चा ठरला की प्रमुख कार्यकर्त्यांना आदल्या रात्री पोलिसांची नोटीस जाते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची असे, 1 जुलै 2024 पासून ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली निघते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे जमावबंदीचे मनाई आदेश तर सणासुदीच्या निमित्ताने वारंवार लागू असतात. तरीही लोक येतात, आणि मग एकच वाद सुरू होतो. साहेब म्हणतात, पाच जणांचे शिष्टमंडळ वर पाठवा; लोक म्हणतात, साहेबांनी खाली येऊन निवेदन घ्यावे. माझ्या एका कार्यालयाला अकरा पायऱ्या होत्या. दुष्काळाच्या वर्षी एका गावच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि त्या पायऱ्यांवरच बसल्या. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत कोणी वर गेले नाही, कोणी खाली आले नाही. घागरी उन्हाने इतक्या तापल्या होत्या की बायकांनी त्या पदराने धरून बाजूला सरकवल्या. तीन वाजता साहेब उतरले आणि टँकरचा प्रस्ताव त्याच संध्याकाळी तयार झाला. त्याच गावाचे, त्याच मागणीचे निवेदन तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे आलेले होते. त्याला आवक क्रमांक मीच घातला होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

निवृत्त शिक्षक, मूळ गाव वसमतजवळ

1974 साली मी नववीत होतो. मराठवाडा विकास आंदोलन पेटले होते. मराठवाड्यातल्या मुलांना नोकऱ्या, रुंद रुळांचा रेल्वेमार्ग, उद्योग आणि सिंचन या मागण्या होत्या. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. त्या दिवशी शाळा मधेच सुटली, आणि रस्त्यावर इतक्या चपला पडलेल्या होत्या की घरी जाताना पाय कोठे ठेवावा हे कळत नव्हते. त्या चपलांमुळे माझी जन्मभराची एक समजूत झाली की रस्त्यावरची जनता नेहमी खरी असते आणि बंदूकवाले सरकार नेहमी खोटे असते.

ती समजूत चार वर्षांत मोडली, आणि ती मोडण्यात माझाही हात होता. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि ठरावाच्या विरोधातल्या मोर्चात घोषणा देत चाललो होतो. 'अस्मिता' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मोर्चा दिवसा निघाला. रात्री आमच्या शेजारच्या गावात दलित वस्तीतली घरे जळली. मी काडी लावली नाही, पण लावणाऱ्यांपैकी दोघे दिवसा माझ्याच रांगेत होते. सरकारने त्या जमावाकडे पाहून ठराव बाजूला ठेवला. 1974 च्या रास्त मागण्यांसाठी जे सरकार हलायला तयार नव्हते, ते 1978 च्या आगीपुढे थांबले. जनशक्ती हा शब्द मी तेव्हापासून सहज वापरत नाही.

ज्यांची घरे गेली त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर हे मी सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे उशिरा लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

परिचारिका, नांदेड जिल्हा

वरील शिक्षकांचा अनुभव मी दोनदा वाचला. आमचे घर त्या वर्षी जळले. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आमच्या घरात कालगणना 'जळिताच्या आधी' आणि 'जळितानंतर' अशीच चालते. आईच्या लग्नातली पितळी परात जळितातून निघाली; तिच्या कडेला आच लागून वाक आला होता. ती परात अजून वापरात आहे. कणीक मळताना ती डुगडुगते, म्हणून आई तिच्याखाली दुमडलेले फडके ठेवते.

वडील पुढे नामांतराच्या सत्याग्रहात दोनदा तुरुंगात गेले. 1979 साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तेव्हा त्यांना सामील व्हायचे होते, पण घर पुन्हा उभे करायचे होते म्हणून ते गेले नाहीत. ठराव 1978 चा आणि नामविस्तार (विद्यापीठाच्या जुन्या नावाआधी आंबेडकरांचे नाव जोडणे) 14 जानेवारी 1994 चा. मधली सोळा वर्षे कोणत्याही सरकारने 'नाही' म्हटले नाही आणि 'हो'ही म्हटले नाही. दर वेळी 'वातावरण निवळू द्या' एवढेच उत्तर मिळत राहिले. वडील म्हणत, आपला ठराव विधिमंडळाने मंजूर केलेला आहे, आपण कायद्याच्या बाजूला आहोत, आणि तरी तुरुंगात आपणच आहोत. ही विसंगती त्यांना शेवटपर्यंत उलगडली नाही.

सोळा वर्षांनी घरी काय आले, असे विचाराल तर माझ्या पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावरचे विद्यापीठाचे नाव आले. वडिलांनी ते प्रमाणपत्र हातात घेऊन फक्त वरची ओळ वाचली आणि मला परत दिले. गुण त्यांनी विचारले नाहीत.

शिक्षकांना एवढेच सांगते की तुम्ही लिहिलेत ते आईला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले. ती काही बोलली नाही आणि तिच्या वतीने मीही काही बोलणार नाही.

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

माझे आईवडील मिळून एक कोयता होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम दसऱ्याच्या सुमारास कोयत्यामागे उचल देतो. ती उचल फेडेपर्यंत मजूर बांधलेला असतो. त्यामुळे संप करायचाच तर तो गावातून निघण्यापूर्वी करावा लागतो. एकदा टोळ्या कारखान्याच्या फडावर पांगल्या की शंभर गावांची माणसे शंभर ठिकाणी होतात आणि मोर्चाला माणूस मिळत नाही. एका वर्षी दरवाढीसाठी कोयता बंद झाला, तेव्हा आई महिनाभर उचलीतूनच खात होती. म्हणजे संपाचा प्रत्येक दिवस तिच्या स्वतःच्या कर्जात जमा होत होता. मुंबईत बैठक झाली, दर थोडा वाढला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर निघाले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानासाठी आमच्या गावच्या मजुरांना फडावरून गाडीने आणले आणि मतदान झाल्यावर परत सोडले. गावात पाण्याच्या योजनेची ग्रामसभा झाली, तेव्हा तीच माणसे फडावर होती. त्यांना आणायला कोणी गाडी पाठवली नाही.

शेतकरी, अंबड तालुका

कारकून साहेबांनी पायऱ्यांचे लिहिले, ते आम्ही फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण 29 ऑगस्ट 2023 ला सुरू झाले. पहिले तीन दिवस ते तालुक्याच्या पातळीचे आंदोलन होते. 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, माझ्या चुलत्याच्या पाठीवर वळ उठले, आणि त्यानंतर आमच्या कच्च्या रस्त्यावर जेवढ्या सरकारी गाड्या आल्या तेवढ्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. 14 सप्टेंबरला मुख्यमंत्री स्वतः उपोषणस्थळी आले. मागणी 31 ऑगस्टला जी होती तीच होती. मध्ये फक्त काठी पडली होती. लोकांना ऐकून घ्यायला आधी काठी का पडावी लागते, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

घरी काय आले, याचे माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. आरक्षणासाठी निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर आम्ही पणजोबांचे नाव शोधायला गेलो. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ भिंग घेऊन बसले होते. त्यांनी नाव वाचून दाखवले तेव्हा चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ती एक कमाई आहे. दुसरे असे की जून 2024 मध्ये वडीगोद्रीला ओबीसी बांधवांचे उपोषण झाले, आणि त्यानंतर आमच्या गावात पोळ्याला एकमेकांच्या बैलांना ओवाळायला जाणे कमी झाले. ते अजून पूर्ववत झालेले नाही.

त्याच परिसरातील एक दुकानदार

मी वडीगोद्रीच्या उपोषणाला बसणाऱ्यांपैकी आहे. वरच्या गृहस्थांनी पोळ्याचे लिहिले म्हणून लिहितो. माझ्या दुकानातून वर्षानुवर्षे उधारीवर किराणा नेणारी काही घरे दुसरीकडे जाऊ लागली, आणि मीही दोन घरांची सोयरीक मोडताना गप्प राहिलो. आम्हाला भीती ओबीसी आरक्षणातल्या आमच्या वाट्याची होती, त्यांना आशा त्यांच्या मुलांची होती. दोन्ही मंडपांना सरकारने आश्वासन दिले. ती दोन आश्वासने शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही एकाच वेळी कशी पाळली जातील, हे आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही. पोळ्याला मी ओवाळायला जाईन.

धागाकर्ता

कारकून साहेबांना एक विचारायचे आहे. वडिलांच्या फाइलमधल्या एकसष्ट निवेदनांच्या मूळ प्रती कार्यालयात आज पाहायला मिळतील का?

निवृत्त अव्वल कारकून

आशा कमी आहे. कार्यालयातले कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात. 'अ' कायम राहतो आणि 'ड' वर्षभराने नष्ट करता येतो. माझ्या हातून गेलेली बहुतेक निवेदने 'ड' मध्ये लागली, कारण त्यांवर निर्णयच झालेला नसे. तुमच्याकडची स्थळप्रत हीच बहुधा आता एकमेव प्रत आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते आणि शिक्क्याची शाई फुटते. आम्ही दप्तर जसे रुमालात बांधत असू, तसे जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि वर वर्षे लिहून ठेवा.